२८ वर्षांचं पिल्लू

ताई, नमस्कार.

मी ४६ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करते. लॉकडाउनमध्ये लेकीच्या नादानं बीटीएस या कोरियन पोरांच्या बँडची गाणी ऐकायला लागले. तिचं वेड वर्षभरात उतरलं, माझं चढतच गेलं. त्यातला जंगकूक म्हणजे माझा जीव की प्राण. आमचा ३८ जणींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. नागपूर, पुणे, बेळगाव, एक तर दुबईची. आम्ही त्याला पिल्लूच म्हणतो. त्याला कुणी नावं ठेवली की रात्री एक वाजतासुद्धा सगळ्या मिळून त्या अकाउंटला रिपोर्ट मारतो. ऑफिसातले पुरुष ‘लिपस्टिकवाली पोरं’ म्हणून हसतात तेव्हा माझं डोकं फिरतं.

परवा लेक पुण्याहून सुट्टीला आली होती. मी ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकत होते, तो ऐकून म्हणाली, ‘आई, तो २८ वर्षांचा बाप्या आहे. हातभर टॅटू आहेत, सैन्यात जाऊन आलाय. त्याला पिल्लू पिल्लू काय करता? माणूस आहे तो, बाहुला नाही.’ आणि उठताना पुटपुटली, ‘तुला सवयच आहे म्हणा.’ फार लागलं मला. हिच्यासाठी दर रविवारी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खोबऱ्याच्या वड्या असा डबा एसटीच्या कंडक्टरकडे देऊन पाठवते, आणि ही अशी बोलते.

आता पेच असा की तो रात्री-अपरात्री लाइव्ह येतो, कधी हातात ग्लास असतो, झोपेची हेळसांड होते. म्हणून ग्रुपनं ठरवलंय, त्याच्या कंपनीला मेल करायचा की याला जरा आवरा. माझं इंग्रजी बरं, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. लिहून तयार आहे. पाठवू का? आणि लेक म्हणते ते खरं का? मायेनं बोललं तर त्यात अपमान कसला?

— पिल्लूची मावशी, नाशिक

मावशी,

मेल पाठवू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

आता तुमच्या बाजूनं बोलते, कारण माझ्या घरात तुमच्यापेक्षा वरचढ बाई होऊन गेली. २४ एप्रिल १९९८, शारजात ऑस्ट्रेलियाबरोबर फायनल. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत शेजारचे धरून चौदा माणसं. सचिन सुटला होता. दोन ओव्हरच्या मध्ये माझी आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि मुठीत मीठ, मोहऱ्या आणि दोन सुक्या मिरच्या घेऊन आली. टीव्हीवरून तीनदा ओवाळलं, पुटपुटली, आणि परत जाऊन सगळं गॅसच्या आचेवर टाकलं. मिरचीचा ठसका उठला नाही. ‘बघा, लागलीच होती दृष्ट पोराला,’ म्हणाली. बाबा म्हणाले, ‘अगं, तो टीव्ही आहे.’ तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढच्या तीन ओव्हर गप्प होते.

त्या ‘पोरा’ला त्या दिवशी २५ वर्षं पूर्ण झाली होती. लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि घरी सहा महिन्यांची लेक होती. दृष्ट काढायचीच तर तिची. शेन वॉर्नला पुढे येऊन मारणारा, १३४ काढणारा माणूस आमच्या घरात मात्र शाळेतून भुकेला घरी आलेला मुलगा होता. यात सचिनचं काही बिघडलं का? काही नाही. ठसका डोंबिवलीत उठला नाही आणि शारजाला त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून तुमच्या लेकीचं पहिलं वाक्य मला पटत नाही. शब्दात गुन्हा नाही. आपल्या भाषेत माणूस मोठा होतो, हाक मोठी होत नाही. सच्या, बंड्या, बाबू, सोन्या ही नावं माणसाच्या साठीपर्यंत टिकतात. जनाबाई विठोबाला कारटा म्हणते, आणि त्यामुळे विठोबा लहान झाला असं सातशे वर्षांत कुणाला वाटलेलं नाही. कोरियनमध्येही हा लाड आहेच. ग्रुपमधल्या शेंडेफळाला ‘मक्ने’ म्हणतात, चाहते ‘एगी’ म्हणजे बाळ म्हणतात. जंगकूक १३ जून २०१३ ला पहिल्यांदा स्टेजवर आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. ज्यांनी तेव्हापासून पाहिलंय त्यांच्या डोळ्यांपुढून ते पोर हलत नाही, यात नवल नाही. (तुम्ही २०२० च्या. तेव्हा तो बाविशी ओलांडत होता. पण जाऊ द्या, मावशी उशिरा आल्या तरी मावशीच.)

मग खटकतं कुठे? २०२३ च्या मे महिन्यात काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्याच्या घरी कुणीकुणी परस्पर जेवण ऑर्डर करून पाठवत होतं. कुणाच्या तरी मनात आलं असेल, एकटा राहतो, काय खात असेल. त्यानं वीव्हर्स या चाहत्यांसाठीच्या अ‍ॅपवर लिहिलं की घरी जेवण पाठवू नका, पाठवलंत तरी मी खाणार नाही, मी नीट जेवतो, ते पैसे तुम्ही स्वतःवर खर्च करा. आणि पुन्हा पाठवलंत तर पावतीवरचा ऑर्डर नंबर बघून कारवाई करीन.

‘आभार’ होते त्यात. पण शेवटचं वाक्य पाहा. मायेच्या माणसाला ‘कारवाई’ हा शब्द कधी वापरावा लागतो? तीनदा सांगून चौथ्यांदाही डबा येतो तेव्हा. त्या डब्यात विष नव्हतं, चांगलंचुंगलं असणार. पण तो त्यानं मागितला नव्हता आणि त्याच्या घराचा पत्ता शोधून आला होता. माझ्या आईच्या मिरच्या आमच्या गॅसवर जळाल्या. हा डबा त्याच्या दारात येऊन उभा राहिला. तुमची माया तुमच्या घरात आहे तोवर ती तुमची मर्जी. त्याच्या दाराशी गेली की मर्जी त्याची.

पुढची गंमत अशी की त्याच डिसेंबरात हा गडी सैन्यात गेला आणि तिथे भटारखान्यात रुजू झाला. ज्याच्या जेवणाची जगाला काळजी, तो दीड वर्षं पलटणीला रांधून वाढत होता.

आता तुमचा मेल. मसुदा मी पाहिलेला नाही, पण ‘याला जरा आवरा’ हे तुमच्याच पत्रातलं. हे कुणाला लिहिताय? त्याला नाही, त्याच्या कंपनीला. म्हणजे प्रौढ माणसाच्या झोपेबद्दलची तक्रार तुम्ही त्याच्या मालकाकडे करताय. तुमच्या बँकेतल्या एखाद्या खातेदार बाईनं रिजनल मॅनेजरला लिहिलं, की काउंटर तीनवरच्या मॅडम रात्री एकपर्यंत मोबाइलवर रिपोर्ट मारत बसतात, डोळे सुजलेले असतात, त्यांना जरा आवरा? बाईचा जिव्हाळा खरा असेल हो. पण तुम्ही तिला चहा पाजणार नाही.

कंपनीच्या हातात ‘आवरा’ हा शब्द देणं किती जड जातं, ते अमेरिकन गायिका ब्रिटनी स्पिअर्सला विचारावं. तिची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तिच्यात आहेत. २००८ च्या फेब्रुवारीत, ती २६ वर्षांची असताना, लॉस एंजेलिसच्या कोर्टानं तिचं पालकत्व तिच्या वडिलांकडे आणि एका वकिलाकडे दिलं. घटस्फोट, मुलांच्या ताब्याचं भांडण, इस्पितळ, घराबाहेर दिवसरात्र फोटोवाले, असा तो काळ होता. सगळेच म्हणत होते, बिचारीला सांभाळायला हवं. पालकत्व म्हणजे पैसा, डॉक्टर, करार, कुणाला भेटायचं, सगळं दुसऱ्यांच्या सहीनं. स्वतःचा वकीलसुद्धा तिला निवडता येत नव्हता. आणि तेरा वर्षं हे चाललं त्यात ती घरात निजून नव्हती बरं का. अल्बम काढत होती, टीव्हीवरच्या स्पर्धेत परीक्षक होती, लास वेगासला चार वर्षं शो करत होती. पैसे कमवायला सज्ञान, खर्चायला अज्ञान. २०२१ च्या जूनमध्ये तिनं कोर्टाला सांगितलं की मला आणखी मूल हवंय, पण बसवलेली तांबी काढायला डॉक्टरकडे जाऊ देत नाहीत. हे वाचलं तेव्हा मी पेपर खाली ठेवला होता.

तिला सोडवा म्हणून आरडाओरडा कुणी केला? चाहत्यांनीच. कोर्टाबाहेर गुलाबी फलक घेऊन उभे राहिले, वर्षानुवर्षं त्यांना खुळचट ठरवलं गेलं, तरी उभे राहिले. १२ नोव्हेंबर २०२१ ला पालकत्व संपलं. म्हणजे चाहत्यांनी पाठराखण करूच नये, असं मी म्हणत नाही. या लोकांनी तर इतिहास केला.

पण पुढचंही ऐका. २०२३ च्या जानेवारीत ब्रिटनीनं आपलं इन्स्टाग्राम बंद केलं. आधी तिचे घरातले नाचाचे व्हिडिओ पाहून लोकांची कुजबुज चाललीच होती. डोळे असे का, केस असे का. खातं दिसेना म्हटल्यावर तिच्याच काही चाहत्यांनी पोलिसांना फोन केला, बाईचं काहीतरी झालंय म्हणून. पोलिस फाटकापर्यंत आले, काही झालेलं नाही असं बघून परत गेले. तिनं लिहिलं की माझं तुमच्यावर प्रेम आहे, पण या खेपेला अति झालं, माझ्या खासगीपणावर घाला आला. बापाच्या हातून सोडवून आणलेली बाई चौदा महिन्यांत चाहत्यांच्या ताब्यात. माया तीच, माणसंही बरीचशी तीच. फरक एवढाच की आधी ती जे मागत होती त्यासाठी ते भांडत होते, आणि नंतर तिला काय हवं ते त्यांनीच ठरवलं.

तुम्ही मेल लिहायला बसलात तेव्हा जंगकूकनं काय मागितलं होतं? २०२३ च्या जूनमध्ये तो लाइव्ह चालू ठेवूनच झोपी गेला आणि लाखो जणींनी त्याला झोपलेला पाहिला. पांघरूण घालता येईना म्हणून किती जणी हळहळल्या असतील, मला कल्पना आहे. पण सैन्यातून आलेला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या ग्लासातून घोट घेणारा माणूस ही आणीबाणी नाही. उलट आयुष्याचं सगळं वेळापत्रक कंपनी ठरवत असताना रात्री दोन वाजता उगाच लाइव्ह येणं हीच त्याची एक मोकळी खिडकी असेल. तुमच्या मेलनं काही झालंच, तर ती बंद होईल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण बहुतेक ग्रुपमध्ये असतेच, म्हणून विचारते. त्याचं काही चुकलं की तुम्ही काय म्हणता? ‘त्याला बिचाऱ्याला काय कळतंय, कंपनीनं करायला लावलं.’ असं म्हणत असाल, तर मग गाणं चांगलं झालं तेव्हाही कंपनीनंच करायला लावलं म्हणा. कुक्कुल्या बाळाला दोष नसतो तसं श्रेयही नसतं. पंधराव्या वर्षापासून घासून घासून आवाज तयार केलेल्या माणसाला निरागस म्हणण्यात थोडी त्याची मेहनत खोडून जाते. त्याचं ‘सेव्हन’ आलं तेव्हा एक सोज्ज्वळ आणि एक चावट अशा दोन आवृत्त्या काढल्या होत्या. तुम्ही कुठली ऐकलीत ते विचारत नाही. पण चावट गाणारा तोच होता, आणि २५ वर्षांचा होता.

पोरींच्या बाबतीत हा लाड फार महाग पडतो. जपानच्या एकेबी४८ या मुलींच्या गाण्याच्या ग्रुपमधली मिनामी मिनेगिशी २० वर्षांची होती. मित्राच्या घरी रात्र काढल्याची बातमी आली, तर २०१३ मध्ये तिनं डोक्याचा गोटा करून कॅमेऱ्यासमोर रडत माफी मागितली. २०२४ मध्ये कोरियातल्या एस्पा या मुलींच्या ग्रुपमधल्या करीनाचं एका नटाशी जुळल्याची बातमी आली. चाहत्यांनी कंपनीच्या दारात निषेधाचा मजकूर झळकवणारा ट्रक आणून उभा केला, तिनं हातानं माफीपत्र लिहिलं, आणि महिन्याभरात दोघं वेगळे झाल्याचं जाहीर झालं. गुन्हा काय, तर २३ व्या वर्षी प्रेमात पडली. या ट्रकवाल्यांनाही विचारा, ते म्हणतील आम्ही तिला जपतो. बाळ म्हणून जपलेल्यानं मोठं व्हायचं ठरवलं की जपणारेच आधी रुसतात. तुम्ही तशा नसाल. पण उद्या तो लग्नपत्रिका घेऊन आला तर ३८ जणींपैकी किती जणी अक्षता टाकतील, हे ग्रुपवर एकदा गमतीत विचारून बघा. उत्तर कुणाकडून येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

तुमच्या ऑफिसातल्या पुरुषांबद्दल. त्यांचा शब्द तुमच्या लक्षात आला का? ‘लिपस्टिकवाली पोरं.’ तेही त्याला पोरच म्हणतात. तुम्ही कौतुकानं, ते कुचेष्टेनं, पण पुरुष म्हणायला दोघंही तयार नाहीत. त्यांना उत्तर द्यायचं तर ‘माझं पिल्लू आहे ते’ हे उत्तर होत नाही, त्यांच्याच हातात कोलीत मिळतं. त्यांना बालगंधर्वांची आठवण करून द्या. नारायणराव राजहंस नऊवारी नेसून, नथ घालून उभे राहिले की यांचे पणजोबा-आजोबा पागल होत, आणि घरोघरच्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला बघत. ‘बाल’ तर त्यांच्या पदवीतच होतं. वयाच्या ७९ व्या वर्षी गेले तेव्हाही ते बालगंधर्वच होते, पण आपल्या कंपनीची कर्जं त्यांनी मोठ्या माणसासारखीच वाहिली. गोहरबाई त्यांच्या आयुष्यात आल्या तेव्हा मात्र पुष्कळ भक्तांनी ठरवून टाकलं की आमचे देवमाणूस, त्यांना काय कळतंय, सगळं त्या बाईनं केलं. ऐकल्यासारखं वाटतंय ना?

रिपोर्ट मारण्याबद्दल थोडंच सांगते. जीव घेण्याची धमकी, घराचा पत्ता, खोटे अश्लील फोटो, हे दिसलं तर खुशाल करा, रात्री एक वाजताही करा. हे धोके खरे आहेत. तो सैन्यातून सुटला, २०२५ च्या जूनमध्ये, त्याच रात्री एक बाई त्याच्या घराच्या दाराचा कोड दाबून बघताना सापडली आणि पोलिसांनी तिला पकडलं. कोरियात अशा पाठलाग करणाऱ्या चाहत्यांना ‘सासेंग’ म्हणतात, आणि २०२१ पासून पाठलागाविरुद्ध वेगळा कायदाही आहे. पण कुणाला त्याचं गाणं आवडलं नाही, कुणी म्हणालं की तो बेसूर झाला, तर ते मत आहे. त्याच्यासाठी ३८ बायकांनी झोप घालवू नये. त्याच्या झोपेची काळजी करणाऱ्यांनी तर नाहीच.

आता लेकीकडे येते. तिचं पहिलं वाक्य पटलं नाही असं म्हटलं, पण पुटपुटलेलं दुसरं मला फार महत्त्वाचं वाटलं. ‘तुला सवयच आहे म्हणा.’ हे जंगकूकबद्दल नव्हतं हो. तुम्ही लिहिलंय की डबा पाठवते तरी अशी बोलते. मला शंका येते, ‘तरी’ नाही, ‘म्हणून’. मेसचं जेवण बरं असतं, असं ती तुम्हाला कधी म्हणाली आहे का? किती वेळा? एसटी स्टँडवर दर रविवारी जाऊन कंडक्टरकडून डबा घ्यायला तिला जमतं का, मैत्रिणींबरोबरचा बेत मोडून जाते का, हे विचारलंय? सोलमध्ये राहणाऱ्या मुलानं निदान जगजाहीर लिहिलं, मी नीट जेवतो. तुमची लेक आईला कारवाईची धमकी देऊ शकत नाही. ती उठता उठता पुटपुटते.

तेव्हा तो मसुदा पुसू नका अजून. रात्री निवांत उघडा, जंगकूकचं नाव आहे तिथे लेकीचं नाव घाला, कंपनीच्या जागी होस्टेलच्या रेक्टर बाई घाला, आणि एकदा मोठ्यानं वाचा. मग ग्रुपला काय सांगायचं ते तुम्हाला आपोआप सुचेल. इंग्रजी चांगलं आहे म्हणून तुम्हाला निवडलंय, त्यामुळे ‘मला लिहायला जमलं नाही’ हे मात्र कुणी मानणार नाही. सरळ सांगा, मी पाठवत नाहीये.

पिल्लू म्हणायचं बंद करू नका. टीव्हीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या तर त्याही ओवाळा, पण हल्लीचे टीव्ही पातळ असतात, जपून.

आणि लेकीला फोन करा. या रविवारी डबा पाठवू का, असं विचारा, आणि ती जे म्हणेल तसं करा. नको म्हणाली तर खोबऱ्याच्या वड्या ऑफिसात न्या. लिपस्टिकवर हसणाऱ्यांना सगळ्यात शेवटी द्या.